नवे तारे घडवणाऱ्या दीर्घिकांतले जास्त ऊर्जेचे क्ष-किरण येतात कुठून?

जिथे झपाट्याने तारे जन्मतात अशा दीर्घिकांतले जास्त ऊर्जेचे क्ष-किरण या नव्या ताऱ्यांतूनच निघतात का, असं तुम्ही विचारलंय. नाही. त्यांतले बहुतेक मेलेल्या ताऱ्यांपाशी तयार होतात.

मी इंदूरला बी.एस्सी.ला भौतिकशास्त्र शिकवतो. इथल्या राजा रामण्णा केंद्रातल्या 'इंडस-२' या कणत्वरकात २.५ गिगाइलेक्ट्रॉनव्होल्टचे इलेक्ट्रॉन चुंबकांनी वळवले की क्ष-किरण सुटतात. ते यंत्र पाहून आलेल्या मुलांना आकाशातही हेच चालत असेल असं वाटतं. या दीर्घिकांत मात्र मुख्य काम गुरुत्वाकर्षणाचं.

जड तारा काही कोटी वर्षांच्या आतच संपतो. मागे न्यूट्रॉन तारा (ताऱ्याचा अतिघन गाभा) किंवा कृष्णविवर उरतं. जोडीदार तारा अजून जिवंत असेल तर त्याचा वायू तिकडे खेचला जातो, पडता पडता प्रचंड तापतो आणि क्ष-किरण फेकू लागतो. जड तारे इतके अल्पायुषी, म्हणून जिथे जन्मदर जास्त तिथे अशा जोड्याही जास्त. हलक्या जोडीदाराच्या जोड्यांचं गणित वेगळं; त्या दीर्घिकेतल्या ताऱ्यांच्या एकूण वस्तुमानाप्रमाणे वाढतात.

मला सगळ्यात विलक्षण वाटते ती सप्तर्षींच्या दिशेची, सुमारे १ कोटी २० लाख प्रकाशवर्षांवरची एम ८२ ही दीर्घिका. २०१४ मध्ये तिथे सुपरनोव्हा, म्हणजे ताऱ्याचा स्फोट, दिसला आणि न्यूस्टार ही क्ष-किरणांची अवकाश दुर्बीण तिकडे वळवली. निरीक्षणांत भलतंच हाती लागलं: एका अतितेजस्वी स्रोतातून दर १.३७ सेकंदाला ठोका येत होता. इतकं तेज म्हणजे कृष्णविवरच, असा तोवरचा समज. पण कृष्णविवर असे नेमके ठोके देत नाही. तो फिरणारा न्यूट्रॉन तारा निघाला, आणि त्याचं तेज त्याच्या वस्तुमानाला साजेशा मर्यादेच्या शंभरेक पट! असे मोजके स्रोतच कधीकधी अख्ख्या दीर्घिकेच्या क्ष-किरणांत सर्वात मोठा वाटा उचलतात.

सुपरनोव्हांनी तापवलेला वायूही चमकतो, पण मुख्यतः कमी ऊर्जेत, साधारण एक-दोन किलोइलेक्ट्रॉनव्होल्टपर्यंत. दहाच्या वर त्याचा हिशेब जवळपास सोडून द्या. मात्र दीर्घिकेच्या केंद्रातलं महाकाय कृष्णविवर जागं आहे का, हे आधी तपासायलाच हवं. ते वायू गिळत असेल तर एकटंच या सगळ्या जोड्यांना झाकून टाकतं.