पोरी, मास्टर्सचं नंतर बघू, आधी हे वाच

प्रिय पोरी,

तुझा मेसेज काल रात्री पावणेदोनला आला. म्हणजे गुवाहाटीच्या हॉटेलात तू जागी होतीस आणि सकाळी तुला परत को-पायलट म्हणून विमान घेऊन निघायचं होतं. त्याच्याबद्दल बोलायचंच आहे मला, पण पुढे. तुझा प्रश्न असा की बॅचमधल्या तिघांनी ऑनलाईन एमबीएला ॲडमिशन घेतली, काका मी पण मास्टर्स करू का, नाहीतर मागे पडेन. फोनवर दोन मिनिटात उत्तर दिलं असतं पण ते तुला पटलं नसतं म्हणून बसून लिहितोय.

मागे पडणार म्हणजे कशात, ते आधी बघ. आपल्याकडे सीपीएलला, म्हणजे व्यावसायिक पायलटच्या लायसन्सला, काय लागतं, बारावीला फिजिक्स आणि मॅथ्स, वय १८, उड्डाणाचे २०० तास, मेडिकल आणि विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकाचे, डीजीसीएचे पेपर. त्याच्या वरच्या लायसन्सला, एटीपीएलला, वय २१ आणि १५०० तास. यात कुठेही डिग्री मागितलेली नाही, मास्टर्स तर लांबच राहिली. कमांड, म्हणजे कॅप्टनची खुर्ची, मिळते ती सीनियॉरिटी, अवर्स आणि चेकवर, म्हणजे उड्डाणाच्या परीक्षांवर. मी इतकी वर्षं सिममध्ये, म्हणजे सिम्युलेटरमध्ये, मागच्या खुर्चीवर बसून लोकांचे चेक घेतले, टेकऑफला एक इंजिन गेल्यावर समोरचा काय करतो ते बघितलं, त्याच्या शिक्षणाचा कागद मला कधी बघावा लागला नाही. अमेरिकेत डिग्रीला थोडी किंमत आहे, तिथे एव्हिएशनची बॅचलर्स असेल तर १५०० ऐवजी १००० तासांवर मर्यादित एटीपी, म्हणजे तिथलं एअरलाईनचं लायसन्स, मिळतं, पण मास्टर्स केल्यावर त्यातला अजून एक तासही कमी होत नाही. आणि डेल्टासारख्या मोठ्या एअरलाईनने जानेवारी २०२२ मध्ये चार वर्षांच्या डिग्रीची अटच काढून टाकली.

तेव्हा कॉकपिटात पुढे जाण्यासाठी मास्टर्स, हे कारण सोडून दे.

पण तुझं खरं कारण ते नाहीच असं मला वाटतं. तुला भीती वाटतेय, आणि ती खोटी नाही. किंगफिशर २०१२ ला बंद पडली, जेट १७ एप्रिल २०१९ ला, गो फर्स्ट मे २०२३ ला, आणि मधे २०२० ला २५ मार्चपासून दोन महिने देशातली सगळी प्रवासी विमानं जमिनीवर उभी. तू हे बारामतीला ट्रेनिंग करताना नाहीतर बातम्यांत बघितलंस, आम्ही ते घरात बघितलं. मी ज्या कंपनीत होतो ती पण अशीच बंद पडली, कुठली ते सोड, चार महिन्यांचा पगार अडकला, मुलीची दहावी होती आणि घराचा हप्ता चालू होता. तेव्हा मी अगदी जवळून बघितलं की पहिली नोकरी कोणाला लागते. ज्याचं टाईप रेटिंग, म्हणजे ठरावीक जातीचं विमान उडवायची परवानगी, चालू आहे, मेडिकल चालू आहे, लॉगबुक नीट आहे आणि ज्याच्याबद्दल बाकीचे कॅप्टन चांगलं बोलतात, त्याला. आमच्यातल्या एकाकडे एमबीए होतं, त्याने वर्षभर अर्ज केले, प्रत्येक ठिकाणी विचारलं की मॅनेजमेंटचा अनुभव किती, आणि अनुभव होता फक्त विमान चालवण्याचा. शेवटी तोही उडायलाच परत आला. म्हणून भीतीसाठी एमबीए घेऊ नकोस बाळा. भीतीसाठी सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला ठेव, लॉस ऑफ लायसन्सचा, म्हणजे लायसन्स गेलं तर मिळणारा, विमा बघ, आणि बाबांनी तुझ्या ट्रेनिंगला काढलेलं कर्ज संपेपर्यंत दुसरं कर्ज अंगावर घेऊ नकोस.

मग मी स्वतः मास्टर्स का केलं, हे तू विचारणार, म्हणून सांगतो.

एक्केचाळीसाव्या वर्षी माझं मणक्याचं ऑपरेशन झालं आणि मेडिकलला टेंपररी अनफिट आलो, जवळजवळ नऊ महिने. घरी बसून वेड लागायची वेळ आली तेव्हा कंपनीने फ्लाइट सेफ्टीच्या ऑफिसात बसवलं. तिथे प्रत्येक फ्लाइटचा डेटा येतो, स्पीड किती होता, पंखांचे फ्लॅप कधी टाकले, हजार फुटावर विमान स्टेबल, म्हणजे उतरायला नीट जमलेलं, होतं का नव्हतं. एका धावपट्टीवर आमचे अनस्टेबल अप्रोच जास्त दिसत होते. मला पायलट म्हणून कारण माहिती होतं, मी शंभर वेळा उतरलो होतो तिथे, एटीसी, म्हणजे जमिनीवरचं कंट्रोल, उशिरापर्यंत वर ठेवतं आणि मग उतारावर घाई होते. मी दोन पानी रिपोर्ट लिहिला. तो परत आला. वरच्याने एकच विचारलं की हे तुमचं मत आहे का तुम्ही दाखवू शकता, आणि मला दाखवता येत नव्हतं. किती फ्लाइट घ्यायच्या, तुलना कशाशी करायची, योगायोग कुठे संपतो आणि पॅटर्न कुठे सुरू होतो, मला काही येत नव्हतं. हजारो तास उडालेला माणूस एका साध्या प्रश्नापुढे गप्प बसला, ते मला फार लागलं.

तिथून मी एअर सेफ्टीची मास्टर्स केली, लंडनच्या सिटी युनिव्हर्सिटीत, नोकरी करणाऱ्यांसाठी तुकड्या-तुकड्यात असते ती, सुट्टी साठवून जायचो, आणि साठवलेल्या पैशांतला मोठा वाटा त्यात गेला. पूर्ण व्हायला तीन वर्षांच्या वर लागली. पगार एक रुपयाने वाढला नाही. पण तो रिपोर्ट मी परत लिहिला, आणि या वेळी तो परत आला नाही, त्या धावपट्टीसाठी आमची ब्रीफिंग बदलली.

हे मला तुला सांगायचंय. मास्टर्स ही एखाद्या प्रश्नासाठी करायची असते, जो प्रश्न तुझ्या कामातून तुला सतावतोय आणि अनुभवाने सुटत नाहीये. असा प्रश्न अजून तुझ्याकडे नसेल तर तुला विषय कसा निवडता येईल, मग तू जाहिरात बघून निवडशील, जसं त्या तिघांनी केलं.

तुझ्याकडे प्रश्न येतील, बघ. एक तर तुझ्या खुर्चीतच आहे. मंगळूरचा २२ मे २०१० चा अपघात तू क्लासमध्ये शिकलीस, दुबईहून आलेलं विमान, १५८ माणसं गेली, आठ वाचली. चौकशीत निघालं की कॅप्टन दीड तासाच्या वर झोपले होते आणि उठून उतरायला लागले, आणि अप्रोच चुकतोय हे फर्स्ट ऑफिसरला, म्हणजे तुझ्यासारख्या को-पायलटला, कळलं होतं, त्याने तीन वेळा गो-अराउंड, म्हणजे न उतरता परत वर जाऊ, असं म्हटलं होतं. तीन वेळा. मी हे दर वेळी वाचतो तेव्हा इथेच थांबतो. त्याला दिसत होतं, त्याने तोंडाने सांगितलं, आणि तरी विमान उतरत राहिलं. १९७७ ला स्पेनच्या टेनेरिफ बेटावर दोन जम्बो विमानं धावपट्टीवर धडकली, ५८३ माणसं गेली, तिथेही एका विमानातल्या फ्लाइट इंजिनिअरने शंका विचारली होती की समोरचं विमान बाजूला झालं का, आणि त्यांच्या कंपनीतल्या सगळ्यात मोठ्या ट्रेनिंग कॅप्टनने ती उडवून लावली. त्याच्यानंतर जगभर सीआरएम, म्हणजे कॉकपिटात एकमेकांशी बोलून काम करायचं ट्रेनिंग, आलं, आपण दर वर्षी तो क्लास करतो, चहा पितो, सही करतो. पण आपल्याकडे, जिथे घरात मोठ्यांपुढे उलट बोलायचं नाही असं लहानपणापासून सांगतात आणि कॉकपिटात प्रत्येक वाक्याला सर लावतात, तिथे चोवीस वर्षांच्या मुलीने पन्नाशीच्या कॅप्टनला गो-अराउंड म्हणायचं आणि त्याने ऐकलं नाही तर कंट्रोल घ्यायचे, हे प्रत्यक्षात कसं होतं, कधी होत नाही, याच्यावर आपल्या लोकांनी काम करायला पाहिजे. किंवा थकव्यावर. डीजीसीएने २०२४ च्या नियमात आठवड्याची विश्रांती ३६ तासांवरून ४८ केली, रात्रीच्या लँडिंगवर मर्यादा आणली, त्याने खरंच झोप वाढली का, हे मोजणारी माणसं आपल्यातूनच यायला पाहिजेत. यातलं काही तुला रात्री छळायला लागलं तर मला फोन कर, मी स्वतः तुझा अर्ज लिहायला बसेन. ह्युमन फॅक्टर्स आणि सेफ्टीला इंग्लंडमध्ये क्रॅनफिल्ड आहे, अमेरिकेतल्या एम्ब्री-रिडलची एरोनॉटिक्समधली मास्टर्स ऑनलाईन होते. एमबीए कधी करायचं तर कमांडनंतर, बेस मॅनेजर किंवा चीफ पायलटसारखं काम खरंच हवंसं वाटलं तर, तेव्हा ते उपयोगी पडतं.

आणि काही झालं तरी फुलटाईमसाठी नोकरी सोडायची नाही. फर्स्ट ऑफिसरला सहा महिने नोटीस द्यावी लागते, कॅप्टनला वर्षभर. बाहेर पडलीस की नव्वद दिवसांत तीन टेकऑफ-लँडिंग झालेली असायची अट, म्हणजे रिसेन्सी, मोडते, मग सिमचे चेक हुकतात, आणि सीनियॉरिटी गेली ती गेलीच, परत आलीस तर यादीच्या तळाशी.

आता सगळ्यात महत्त्वाचं, ज्याचा तू मेसेजमध्ये उल्लेखच केला नाहीस. तुझी बॅचलर्स कुठे पूर्ण झालीय? दुसरं वर्ष झालं आणि टाईप रेटिंगचा कॉल आला म्हणून बीएस्सी एव्हिएशन अर्धी सोडलीस, मला चांगलं आठवतंय कारण पेढे घेऊन तूच आली होतीस. तेव्हाचा निर्णय बरोबर होता, तशी संधी परत येईलच असं नसतं. पण ग्रॅज्युएशनशिवाय मास्टर्सचा दरवाजा नीट उघडत नाही, आणि ज्या जाहिराती सांगतात की अनुभवावर डायरेक्ट एमबीए देतो त्यांच्यापासून लांब रहा, पैसे भरायच्या आधी यूजीसीच्या डिस्टन्स एज्युकेशन ब्युरोच्या यादीत त्या विद्यापीठाचं आणि त्या कोर्सचं नाव दोन्ही बघायचं, नुसतं विद्यापीठाचं असून चालत नाही. तू काय कर, ती अर्धी राहिलेली बीएस्सी पूर्ण होते का बघ, नसेल होत तर नाशिकचं मुक्त विद्यापीठ किंवा इग्नू. घाई अजिबात नाही, तीनऐवजी पाच वर्षं लागू देत. इग्नूची परीक्षा जून आणि डिसेंबरला असते आणि डिसेंबरात दिल्लीचं धुकं सुरू झालं की रोस्टरचं काय होतं तुला माहितीये, तेव्हा रजा आधीच टाकायची आणि डिसेंबरात दोनाच्या वर पेपर ठेवायचे नाहीत.

आणि अभ्यास सुट्टीच्या दिवशी, दिवसा. लेओव्हरची, म्हणजे दोन फ्लाइटमधल्या बाहेरगावच्या मुक्कामाची, विश्रांती अभ्यासासाठी दिलेली नाही, ती झोपेसाठी आहे. रात्री पावणेदोनला जागी राहून असाईनमेंट लिहिणारी फर्स्ट ऑफिसर सकाळी माझ्या शेजारी बसली असती तर मी तिला घरी पाठवलं असतं, मग ती कोणाचीही मुलगी असो. हे मी रागाने नाही लिहीत. मागच्या दीडशे लोकांना तुझं नावही माहिती नसतं, आणि तरी ते डोळे मिटून झोपतात.

पंधरा तारखेनंतर तुला पुण्याचा लेओव्हर आहे म्हणालीस ना. येताना पहिल्या दोन वर्षांच्या मार्कशीट आण, ओरिजिनल, झेरॉक्स नको. किती क्रेडिट पुढे नेता येतात ते विचारायला कॉलेजात मी बरोबर येतो. काकू म्हणतेय जेवायलाच ये, आणि तुझ्या मेडिकलची तारीख कधी आहे तेही कळव.

तुझा,
काका