एक घोट पाणी

"माझ्यामुळेच झालं ना जी, मॅडम?"

बाळाच्या अंगावर रक्तवाहिन्यांची लाल गाठ, म्हणजे हिमॅन्जिओमा, दिसली की हा प्रश्न येतोच. नागपूरच्या धंतोलीतल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत तो इतक्यांदा ऐकलाय की एका आईची गोष्ट, ओळख बदलून, सांगतेच.

मुलगी चार महिन्यांची. मे महिना, बाहेर 45 अंश, आणि लेकराच्या पायात लोकरीचे मोजे. "घरी येणारेजाणारे पाहतात ना," एवढंच म्हणाली. टाचेजवळ बोराएवढी गाठ. डॉक्टरांनी प्रोप्रानोलॉल लिहून दिलेलं. बाटलीचं सीलही फोडलेलं नाही. हृदयाचं औषध तान्ह्या बाळाला कसं द्यायचं?

मी समजावलं. फ्रान्समधल्या बोर्दोच्या डॉक्टरांनी एका बाळाला हृदयासाठी हे औषध दिलं, तेव्हा त्याची गाठ ओसरताना दिसली, 2008 मध्ये त्यांनी ते जाहीर केलं, आता जगभर वापरतात. तिनं मान हलवली. बाटली बंदच राहिली.

तिसऱ्या भेटीत विचारलं, "तुम्हाला काय वाटतं, कशानं झालं?"

बराच वेळ ती मोज्याची लोकर चिमटीत धरून बसली. "सहावा महिना होता, ग्रहण लागलं. सगळं पाळलं जी. चिरलं नाही, शिवलं नाही. फक्त एक घोट पाणी प्याली. कोणालेच माहीत नाही."

ग्रहणावर मी भाषण दिलं नाही. म्हटलं, "तो घोट प्यायला नसता, तर आज कशाचा दोष घेतला असता?"

ती थबकली. "शोधलाच असता काहीतरी." मग पोटभर रडली.

बाटली का उघडत नव्हती, ते मला तेव्हा उमगलं. औषध सुरू झालं की घरात गाठीचा विषय निघणार, मग तो घोटही. मी नेहमी म्हणते, दोष ओढवून घेतला की निदान कारण तरी हाती लागतं. कारणच नाही हे सोसणं त्याहून जड. बायांनो, ही गाठ ग्रहणानं होत नाही, तुमच्या खाण्यापिण्यानंही नाही. हा कॅन्सर नव्हे. पहिल्या काही महिन्यांत भराभर वाढते, मग काही वर्षांत हळूहळू ओसरते. पुष्कळदा नुसती नजर ठेवणं पुरतं. पायावरची मात्र घासून फुटू शकते, चिघळू शकते, म्हणून लवकर दाखवा. औषध दूध पाजल्यावरच. बाळ पीत नसेल, उलट्या होत असतील तर तो डोस थांबवून डॉक्टरांना फोन करा, नाहीतर रक्तातली साखर उतरते.

पुढच्या भेटीला पाय उघडा होता. सोबत सासूबाई. बसल्या बसल्या त्यांनी घड्याळ पाहिलं, बाटली पिशवीतून काढली आणि सुनेला म्हणाल्या, "आधी पाज तिले."