लगानला ज्याने हरवलं तो पिक्चर बघितलाय का तुम्ही?

तुमचा प्रश्न सरळ आहे, हॉलिवूड आणि कोरियन सोडून जगातले फारसे कुणाला माहीत नसलेले चांगले पिक्चर कसे शोधायचे, थ्रिलर कॉमेडी हॉरर काहीही चालेल. चार नावं टाकून मोकळा झालो असतो. पण खाली तुम्ही जे जोडलंय ना, "लगानला डावलून ज्याला ऑस्कर दिलं तसले रटाळ पिक्चर नकोत", ते वाचलं आणि म्हटलं आता बसून लिहायलाच पाहिजे. कारण हे वाक्य मी आमच्या दाजींच्या तोंडून २००२ पासून ऐकतोय.

दाजी म्हणजे ताईचे मिस्टर, मिरजेचे. मार्च २००२ मध्ये ऑस्करचा कार्यक्रम आपल्याकडे सोमवारी सकाळी होता, आणि दाजींनी त्या दिवशी दुकान उशिरा उघडलं होतं. लगानचे दिग्दर्शक गोवारीकर जन्माने कोल्हापूरचे, म्हणजे घरातलंच पोरगं, असा एकूण माहोल. निकाल लागला आणि नाव आलं बोस्नियाचं, 'नो मॅन्स लँड', दिग्दर्शक दानिस तानोविच. दाजींनी टीव्ही बंद केला आणि म्हणाले, "मुद्दाम पाडलं आपल्याला. आपण गोऱ्याला क्रिकेटमध्ये हरवलेलं कसं चालंल त्येंना? आपली गरिबी दाखवली असती तर लगेच दिलं असतं." मी म्हटलं दाजी, तो दुसरा पिक्चर तरी कुठे बघितलाय आपण. तर म्हणे, "कशाला बघायचा? युद्धाचा रडका असणार."

हे इथेच संपलं असतं. पण दाजी प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशात, जेवणाच्या पंगतीत ते राजकारण सविस्तर सांगायचे आणि वर माझ्याकडे बघून म्हणायचे, "ह्याला इचारा, ह्यो बोस्नियाच्या बाजूचा." बोस्निया नकाशात कुठे आहे हे मला तेव्हा सांगता आलं नसतं, तरी मी बोस्नियाच्या बाजूचा.

पुढे नोकरीसाठी पुण्यात आलो. रूमच्या खाली एक डीव्हीडी भाड्याने देणारा होता, त्याच्याकडे 'वर्ल्ड सिनेमा' म्हणून एक खालचा कप्पा होता ज्याला कोणी हात लावत नसे, त्यात हा सापडला. रात्री एकट्याने बघितला आणि ठरवलं, हा भाऊबिजेला मिरजेला न्यायचा.

आता पिक्चर काय आहे ते सांगतो, शेवट नाही सांगत. १९९३ चं बोस्नियातलं युद्ध. दोन सैन्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत एक खंदक, त्यात तीन माणसं अडकतात. चिकी हा बोस्नियन, निनो हा सर्ब, आणि तिसरा त्सेरा, तो पाठीवर पडलेला आहे आणि त्याच्या खाली सुरुंग आहे. हलला की फुटणार. एवढंच. मग संयुक्त राष्ट्रांचे सैनिक येतात, टीव्हीवाले येतात, आणि प्रत्येकाला त्या माणसापेक्षा आपली नोकरी महत्त्वाची आहे. एक जण युद्धात बसून पेपर वाचतोय आणि म्हणतो, रवांडात काय चाललंय बघा, फार वाईट. हा विनोदी पिक्चर आहे हो! काळा विनोद, पण हसू येतं. आणि लांबी ९८ मिनिटं. लगान पावणेचार तासांचा. तुम्ही रटाळ कुणाला म्हणताय ते एकदा ठरवा.

तर भाऊबीज. ओवाळून झालं, जेवणं झाली, दाजी दिवाणावर आडवे, आई खाली बसलेली, ताई आतबाहेर. सबटायटल इंग्रजीत, त्यामुळे मी रिमोट घेऊन दर दोन मिनिटांनी पॉज करायचो आणि मराठीत सांगायचो. आईला त्सेराचीच काळजी, "अरे त्याला पाणी तरी द्या कुणीतरी." दाजी डोळे मिटून होते, पण झोपले नव्हते, कारण झोपले की ते घोरतात.

मग तो सीन आला. चिकी आणि निनो भांडतायत की युद्ध कुणी सुरू केलं. तुम्ही केलं, नाही तुम्ही केलं. शेवटी चिकी बंदूक रोखून विचारतो, सांग कुणी सुरू केलं, आणि निनो म्हणतो, आम्ही. थोड्या वेळाने बंदूक निनोच्या हातात येते. तोच प्रश्न. आता चिकी म्हणतो, आम्ही. मी हे मराठीत सांगितलं आणि दाजी ताडकन उठून बसले आणि असे हसले की ताई आतून बघायला आली. तुम्हाला कळावं म्हणून सांगतो, दाजींचा त्यांच्या चुलतभावाशी शेताच्या बांधावरून वाद आहे, बांध आधी कुणी कोरला यावर. दोनदा सरकारी मोजणी झाली आहे, एकदा याच्या बाजूने, एकदा त्याच्या. दाजी म्हणाले, "बंदूक ज्याच्या हातात, त्याची मोजणी खरी." पुढे त्या दोघांना कळतं की दोघांच्याही ओळखीची एकच पोरगी आहे, बान्या लुका या गावची, आणि दोघे क्षणभर भांडण विसरून तिच्याबद्दल बोलत बसतात, तेव्हा दाजींनी पॉज न करताच बरोबर ओळखलं काय चाललंय ते.

एवढं सगळं झाल्यावर मी विचारलं, मग दाजी? तर म्हणे, "बरा हाय. पण द्यायचं लगानलाच पायजे होतं. गाणं कुठंय ह्यात?" म्हणजे झालं.

आता तुमचा प्रश्न. माझी पद्धत या भांडणातूनच निघाली आहे. दरवर्षी प्रत्येक देश ऑस्करच्या परदेशी पिक्चरच्या गटात आपला एकच पिक्चर पाठवतो, हल्ली ऐंशी-नव्वद देश पाठवतात, आणि ती अख्खी यादी विकिपीडियावर वर्षवार आहे. आपला जो पिक्चर हरला ते वर्ष उघडायचं आणि बाकीच्यांनी काय पाठवलं ते बघायचं. लगानच्या वर्षाचे शेवटचे पाच, म्हणजे नामांकन मिळालेले, घ्या. नॉर्वेचा 'एलिंग' होता, मनोरुग्णालयातून सोडलेले दोन मित्र ओस्लोत फ्लॅटमध्ये राहायला लागतात आणि त्यातल्या एकाला फोन उचलायचीसुद्धा भीती वाटते, इतकी मऊ कॉमेडी मी कमी बघितल्यात. अर्जेंटिनाचा 'सन ऑफ द ब्राइड' होता, आईला अल्झायमर झालाय आणि म्हाताऱ्या बापाला आता तिच्याशी चर्चमध्ये लग्न लावायचंय. 'अमेली' तुम्हाला माहीत असेल. म्हणजे एका वर्षात चार पिक्चर, आणि आपण सगळे बसलो होतो कुणी कुणाला पाडलं ते मोजत.

मराठीचंही तेच. 'श्वास' २००४ ला गेला, लोकांनी वर्गणी काढून पाठवला, शेवटच्या पाचात आला नाही, आपण हळहळलो. त्या वर्षी जिंकलेला स्पेनचा 'द सी इनसाइड' किती जणांनी बघितला? मानेखाली सगळं शरीर लुळं पडलेला माणूस मरायची परवानगी मागतोय, हावियर बार्देम आहे. 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' गेली तेव्हा अर्जेंटिनाचा 'द सिक्रेट इन देअर आइज' जिंकला. 'कोर्ट' गेला तेव्हा हंगेरीचा 'सन ऑफ सॉल'. कोर्ट मला जास्त आवडतो, पण हे मी दोन्ही बघून म्हणतोय.

एकदा एक पिक्चर आवडला की मग माणूस पकडायचा. 'सन ऑफ द ब्राइड' आणि 'सिक्रेट' दोन्हीचा दिग्दर्शक एकच, कॅम्पानेला, आणि दोन्हीत हिरो रिकार्डो दारिन. दारिनच्या मागे जा, 'नाइन क्वीन्स' सापडेल, २००० सालचा. ब्युनोस आयरिसमधले दोन भामटे, एक दिवस, आणि खोट्या पोस्टाच्या तिकिटांचा एक संच. आपला 'ब्लफमास्टर' बराचसा कुठून आला तेही कळेल. त्याचा दिग्दर्शक फाबियान बिएलिन्स्की दोनच पिक्चर करून २००६ ला गेला, दुसरा 'एल ऑरा', तोही दारिनचाच, आणि थ्रिलर पाहिजे असेल तर माझ्या मते तो पहिल्यापेक्षा भारी आहे, जरा सावकाश चालतो एवढंच. असं करत गेलात की यादी आपोआप वाढते, इन्स्टावरच्या 'टॉप टेन हिडन जेम्स' रील्सची गरज लागत नाही. त्या रील्सवाल्यांनी सगळ्यांनी मिळून पंधरा पिक्चर बघितलेत असा माझा अंदाज आहे. आणि रेटिंग बघून पिक्चर निवडणाऱ्यांबद्दल मी इथे काही लिहीत नाही.

भाऊबंदकी ज्यांच्या घरात आहे (म्हणजे सगळ्यांनी) त्यांनी आइसलंडचा 'रॅम्स' बघावा, २०१५ चा, ग्रिमुर हाकोनारसनचा. दोन सख्खे भाऊ, शेजारी शेजारी घरं, दोघांची मेंढरं, चाळीस वर्षं बोलणं बंद. काही कळवायचं असेल तर चिठ्ठी लिहायची आणि ती कुत्र्याच्या तोंडात देऊन पाठवायची. मग मेंढरांना रोग येतो आणि खोऱ्यातली सगळी मारायचा हुकूम निघतो. मी दाजींना हा दाखवला. अर्ध्यात म्हणाले, कुत्रं बरं शिकवलंय, आणि मग शेवटपर्यंत एक शब्द नाही. चुलतभावाशी बोलणं सुरू झालं का असं विचाराल तर नाही झालं, पिक्चरने तसलं काही होत नसतं.

कुठे बघायचे? मुबी नावाचं ऑनलाइन पिक्चर दाखवणारं अ‍ॅप आहे, पैसे लागतात. फुकटात पाहिजे तर मॉसफिल्म या रशियन स्टुडिओचं यूट्यूब चॅनेल आहे, जुने सोव्हिएत पिक्चर इंग्रजी सबटायटलसकट अधिकृतपणे टाकलेत. कोरियन फिल्म आर्काइव्हचंही तसंच आहे. तुम्ही कोरियन नको म्हणालात, पण १९६० चा 'द हाउसमेड' बघा आणि मग 'पॅरासाइट'मधले जिने आठवा, 'पॅरासाइट'चा दिग्दर्शक बोंग जून-होने स्वतः 'हाउसमेड'चं नाव घेतलंय. पुण्यात असाल तर जानेवारीतलं पिफ, नाहीतर नोव्हेंबरात गोव्याचं इफ्फी, हे दोन्ही चित्रपट महोत्सव, पास काढायचा आणि माहीत नसलेल्या देशाच्या रांगेत उभं राहायचं. हिंदी डब बघू नका. मिरजेत मी केलं तसं कुणी पॉज करून सांगणारा असेल तर उत्तम.

हां, आता एक गोष्ट मलाही मान्य करायला पाहिजे, नाहीतर दाजी कमेंटमध्ये येतील. ऑस्करच्या यादीत राजकारण असतंच. पिक्चर कुठला पाठवायचा ते त्या देशातली समिती ठरवते, म्हणजे ज्याच्यावर सरकार नाराज तो बहुतेक जातच नाही. इराणच्या जाफर पनाहीवर २०१० मध्ये पिक्चर करायला वीस वर्षांची बंदी घातली, त्याने घरात बसून 'धिस इज नॉट अ फिल्म' केला, तो इराण कशाला पाठवेल. आफ्रिका तर त्या यादीत नावालाच आहे. तिथे वेगळा रस्ता, बुर्किना फासोत वागाडुगूला १९६९ पासून फेस्पाको नावाचा महोत्सव होतो, त्याच्या याद्या बघा. सेनेगलच्या उस्मान सेम्बेनचा 'खाला' (Xala, १९७५) मिळाला तर सोडू नका, एक मोठा व्यापारी तिसरं लग्न करतो आणि त्याच रात्री त्याला शाप लागतो की तो कामातून जातो, मग बाबा-बुवा सुरू. आपल्याकडच्या कुठल्याही तालुक्याच्या पुढाऱ्याला बसवा तिथे, फरक पडणार नाही.

आणखी म्हणजे 'सन ऑफ सॉल' हा ऑशविट्झमधला आहे, तो पोरांना घेऊन किंवा जेवताना लावू नका. 'खाला'चा शेवटही तसाच. 'एलिंग' कुणाबरोबरही चालेल.

हॉररमध्ये माझ्याकडे एकच नाव आहे, जपानचा 'वन कट ऑफ द डेड', २०१७ चा. पहिली ३७ मिनिटं एकाच शॉटमध्ये एक टुकार झोंबीपट चालतो, बंद करावासा वाटेल, करू नका, पुढे तो वेगळाच पिक्चर निघतो आणि पोट धरून हसाल. म्हणजे तोही खरं तर कॉमेडीच झाला. खरा हॉरर मला झेपत नाही, त्याचं दुसऱ्या कुणीतरी लिहा.