गरोदर बाईचे पाय हातात घेण्याआधी

सिडकोत रिफ्लेक्सॉलॉजीचं, म्हणजे पाय चोळून त्यावरचे बिंदू दाबण्याचं, स्वतःचं सेंटर सुरू करते आहेस, म्हणून सांगते. गरोदर बाई आली की आधी कितवा महिना आणि डॉक्टरांची परवानगी आहे का, ते विचार. पहिले 3 महिने मी कुणालाच घेत नाही.

मग पाय नीट बघ. दोन्ही पायांना संध्याकाळी थोडी सूज येणं नेहमीचं. नाशिकच्या एप्रिल-मेमध्ये तर येतेच. पण एकच पाय सुजलाय, पोटरी गरम लागतेय, दुखतेय, तर चोळू नकोस. रक्ताची गाठ असू शकते. चेहरा-हात अचानक सुजलेत, डोकं ठणकतंय, धूसर दिसतंय, तर बीपी वाढलेलं असू शकतं. त्याच क्षणी दवाखान्यात पाठव. "थोडं चोळून द्या ना ताई" म्हणाली तरी नाही म्हण.

शेवटच्या महिन्यांत पाठीवर सपाट झोपवू नकोस. टेकून बसव नाहीतर डाव्या कुशीवर घे. दाब हलका, वेळ अर्ध्या तासाच्या आत. आतल्या घोट्याभोवतीचा भाग सोडून दे, गर्भाशयाचे बिंदू तिथे मानतात. धोक्याचा पुरावा पक्का नाही, तरी मी तिथे हात नेत नाही. आणि कळा आणते, बाळ फिरवते असलं कुणालाही सांगू नकोस गं. पायांना आराम वाटेल, एवढंच सांग.