‘गुलामांचं बंड’ की ‘गुलामांचा उठाव’?

प्रश्न असा आला आहे: स्पीलबर्गच्या ‘अमिस्टाड’ (१९९७) या चित्रपटावर मराठीत लिहिताना ‘गुलामांचं बंड’ म्हणावं की ‘गुलामांचा उठाव’?

उठावच म्हणावं. १८५७ साली इंग्रजांना दिसलं ते शिपायांचं बंड. आपण त्याला उठाव म्हणतो, स्वातंत्र्यसमर म्हणतो. बंड मोडून काढतात, शमवतात, म्हणजे मोडणाऱ्याचा हक्क त्या शब्दानं आधीच मान्य केलेला असतो. ‘बंड करून उठणं’ ही गोष्ट मात्र वेगळी. तिथे कर्ता उठणारा आहे, त्यामुळे ते मी बेलाशक वापरेन.

पण मला जास्त खटकतो तो ‘गुलाम’. चित्रपटाची सुरुवात आठवा: काळोख, घामानं निथळणारा चेहरा, आणि जहाजाच्या लाकडात रुतलेला खिळा रक्ताळल्या बोटांनी उपसणारा सेंग्बे पिए. १८३९ साली त्याला आणि त्याच्यासारख्या अनेकांना आजच्या सिएरा लिओनमधून पळवून क्यूबात आणलं. आफ्रिकेतून माणसं आणून विकायला तेव्हा स्पेनच्याच कायद्यानं बंदी होती. मग हवानात कागद रंगवले गेले. प्रत्येकाला स्पॅनिश नाव दिलं, पुढे लिहिलं ‘लादिनो’, म्हणजे क्यूबात आधीपासून राहिलेला गुलाम. सेंग्बेचा होसे सिंके झाला. अख्खी लबाडी एका शब्दावर तोललेली. पुढे ‘अमिस्टाड’ नावाच्या जहाजातून नेत असताना त्यांनी उठाव केला, जहाज अमेरिकेच्या हाती लागलं, आणि अमेरिकेत खटला उभा राहिला तोही त्याच शब्दावर. मार्च १८४१ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला की ही माणसं कायद्यानं कधी गुलाम नव्हतीच, त्यांना पळवून आणलं होतं. आपण आज सहज ‘गुलामांचं बंड’ लिहितो तेव्हा हवानातल्या त्या खोट्या कागदावर आपलाही शिक्का उमटतो. ‘पळवून आणलेल्यांचा उठाव’ लिहा. चार अक्षरं जास्त लागतील, लागू देत.

सगळीकडे ‘गुलाम’ खोडत सुटा असं मी म्हणत नाही. ‘ट्वेल्व्ह इयर्स अ स्लेव्ह’ (२०१३) मधला सॉलोमन नॉर्थअप स्वतंत्र जन्मलेला; १८४१ साली त्याला पळवून लुइझियानात विकलं. सुटल्यावर लिहिलेल्या आत्मकथनाच्या नावात त्यानं स्वतःच हा शब्द घातला. तो त्याचा शब्द आहे, आपण मवाळ करू नये. इतरत्र ‘गुलाम केलेली माणसं’ म्हणावं, म्हणजे कुणीतरी केलं हे वाक्यातच राहतं.

व्यवस्थेसाठी मात्र ‘गुलामगिरी’ हाच शब्द. जोतीरावांनी १८७३ साली तो ग्रंथाच्या नावात घेतला आणि ग्रंथ अर्पण केला तो अमेरिकेतल्या काळ्या माणसांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना.