५३ वरून ३१: लेस्टरमध्ये २०२३ साली नक्की काय झालं?

प्रश्न असा आहे: "इंग्लंडमधल्या लेस्टर शहरात २०२३ च्या निवडणुकीत मजूर पक्षाच्या जागा ५३ वरून ३१ वर आल्या. हा २०२२ च्या दंगलीचाच परिणाम होता का? आणि माझी मावसबहीण तिथे शिकायला चालली आहे, तिला तिथे मत देता येईल का?"

दंगलीचा परिणाम होता, पण "दंगलीचाच" यातला शेवटचा "च" काढून टाका. मी लेस्टरच्या पूर्व भागात राहतो आणि ४ मे २०२३ ला इथे मतदान केलं आहे. त्या निकालानंतर गावाकडून जेवढे संदेश आले, त्या सगळ्यांत एकच अर्थ लावलेला होता: हिंदूंनी मजूर पक्षाला धडा शिकवला. मला ते वाचून वाईट वाटायचं. एका अख्ख्या शहराची चार वर्षांची नाराजी एका ओळीत बसवली, की त्या शहरात राहणाऱ्या माणसांना काय खुपत होतं ते कोणाला कळतच नाही.

आधी आकडे. लेस्टरच्या सभागृहात ५४ नगरसेवक आणि २१ वॉर्ड आहेत. मजूर पक्षाला २०११ मध्ये ५२, २०१५ मध्ये ५२ आणि २०१९ मध्ये ५३ जागा मिळाल्या होत्या. २०१९ ला विरोधात उरले होते ते एकटे लिबरल डेमोक्रॅट पक्षाचे नायजेल पोर्टर, एलस्टोन वॉर्डातले. २०२३ ला चित्र असं झालं: मजूर ३१, हुजूर १७, ग्रीन ३, लिबरल डेमोक्रॅट ३. म्हणजे सत्ता मजूर पक्षाकडेच राहिली, पण २२ जागा गेल्या. त्याच दिवशी इंग्लंडभर हुजूर पक्षाचे हजाराहून जास्त नगरसेवक पडले होते. देशभर वारं त्यांच्या विरुद्ध असताना लेस्टरमध्ये मात्र ते २०१९ च्या शून्यावरून सतरावर गेले. म्हणूनच लंडनच्या पत्रकारांनीही या निकालाकडे वळून पाहिलं.

आता ५३ हा आकडा कसा येत होता ते समजून घ्या, कारण खरी गोम तिथे आहे. इथल्या प्रत्येक वॉर्डात दोन किंवा तीन जागा असतात. आपल्याकडे पुण्यात चार सदस्यांचा प्रभाग असला तरी अ, ब, क, ड अशा चार वेगळ्या जागा असतात आणि प्रत्येक जागेची लढत वेगळी होते. लेस्टरमध्ये तसं नाही. एकच मतपत्रिका, त्यावर सगळ्या उमेदवारांची नावं आडनावाच्या अक्षरानुसार, आणि तीन जागा असतील तर तुम्हाला तीन फुल्या मारायच्या. सगळ्यात जास्त मतं मिळवणारे पहिले तीन निवडून येतात. बहुतेक लोक तिन्ही फुल्या एकाच पक्षाला मारतात. त्यामुळे एखादा पक्ष वॉर्डात थोडासाच पुढे असला, तरी तिन्ही जागा त्याच्याच खिशात जातात. आरक्षण नाही, दुसऱ्या पसंतीची मतं नाहीत. या पद्धतीनं विजय फुगतो आणि पराभवही फुगतो. २०१९ ला शहरातले जवळजवळ सगळेच लोक मजूर पक्षाचे होते असं नव्हे, आणि २०२३ ला निम्मं शहर उलटलं असंही नव्हे.

दंगलीबद्दल थोडक्यात लिहितो. २८ ऑगस्ट २०२२ ला आशिया चषकात भारत-पाकिस्तान सामना झाला, त्या रात्रीपासून पूर्व लेस्टरमध्ये ताण वाढत गेला. १७ सप्टेंबरला ग्रीन लेन रोडच्या परिसरात हिंदू आणि मुस्लिम तरुणांचे जमाव आमनेसामने आले. खोट्या बातम्या मोबाइलवरून इतक्या वेगानं फिरल्या की पोलिसांना त्या खोट्या आहेत असं जाहीर सांगत बसावं लागलं. ज्या रस्त्यावर आपण रोज भाजी घेतो तिथे पोलिसांची रांग उभी असलेली पाहणं फार क्लेशाचं होतं. दोन्ही बाजूंच्या लोकांना वाटत होतं की आपले निवडून दिलेले लोक या वेळी आपल्यासोबत नव्हते. ऑक्टोबरमध्ये नॉर्थ एव्हिंग्टन वॉर्डात पोटनिवडणूक झाली आणि मजूर पक्षाची ती जागा हुजूर पक्षाचे संजय मोढवाडिया यांनी जिंकली. ज्याला बघायचं होतं त्याला पुढचं दिसायला लागलं होतं.

पण मग मजूर पक्षानं स्वतः काय केलं ते पाहा. निवडणुकीच्या तोंडावर उमेदवार ठरवण्याचं काम स्थानिक शाखेकडून काढून वरच्या मंडळाकडे देण्यात आलं, आणि त्या मंडळानं एका फटक्यात १९ विद्यमान नगरसेवकांची तिकिटं कापली. त्यातले बहुसंख्य आशियाई किंवा कृष्णवर्णीय होते. आपल्याकडे तिकीट कापलं की बंडखोरी होते, हे शाळकरी पोरालाही माहीत असतं. इथेही तेच झालं. कोणी अपक्ष उभं राहिलं, कोणी दुसऱ्या पक्षात गेलं, कोणी घरी बसलं. आणि नगरसेवक घरी बसला म्हणजे त्याच्यासाठी दारोदार फिरणारे तीस-चाळीस जणही घरीच बसतात. इथल्या प्रचारात सभा, मिरवणुका जवळजवळ नसतात. पत्रकं टाकणं आणि दार ठोठावणं हाच प्रचार. ती माणसं गेली की पक्षाचे हातपायच जातात.

आमच्या गल्लीत एक गुजराती आजी आहेत, कंपालात जन्मलेल्या. १९७२ मध्ये इदी अमीननं आशियाई लोकांना युगांडातून हाकललं तेव्हा त्या आल्या. त्याच वर्षी लेस्टरच्या नगरपालिकेनं युगांडाच्या वर्तमानपत्रात जाहिरात देऊन लोकांना सांगितलं होतं की शहरात घरं नाहीत, शाळांत जागा नाही, तुमच्या भल्यासाठी इकडे येऊ नका. तरी लोक आले, होजियरीच्या गिरण्यांत कामाला लागले, बेलग्रेव्ह रोडवर दुकानं थाटली. आजींचं घराणं तेव्हापासून मजूर पक्षाचं. त्या मतदानाहून आल्या तेव्हा मी विचारलं, तर म्हणाल्या, "मतपत्रिकेवर मला ओळखणारं एकही नाव नव्हतं." नीट ऐका, त्यांच्या ओळखीचं नाव नव्हतं असं त्या म्हणाल्या नाहीत, त्यांना ओळखणारं नाव नव्हतं, असं म्हणाल्या. त्यांनी कोणाला मत दिलं ते मी विचारलं नाही. पण माझ्या मते या निकालाचं अर्ध कारण त्या वाक्यात आहे.

दुसरी नाराजी थेट महापौरांवर होती, आणि इथे आपल्या लोकांचा नेहमी गोंधळ होतो. महाराष्ट्रात महापौर हा मानाचा धनी, कारभार आयुक्तांच्या हातात. लेस्टरमध्ये २०११ पासून महापौराला लोक थेट निवडतात आणि कारभार खरोखर त्याच्याच हातात असतो. मानाचा, गळ्यात साखळी घालून समारंभाला जाणारा "लॉर्ड मेयर" वेगळा असतो. सर पीटर सोल्सबी २०११ पासून त्या पदावर आहेत. त्याआधी ते लेस्टर साउथचे खासदार होते, आणि त्याच्याही आधी कित्येक वर्षं याच नगरपालिकेत सत्ताधारी गटाचे नेते. सिटी सेंटरमधले पादचारी रस्ते, सायकलचे मार्ग, बसच्या राखीव लेन ही त्यांच्या काळातली कामं. मला स्वतःला ती आवडतात. पण टॅक्सी चालवणाऱ्याला आणि दुकानदाराला विचाराल तर उत्तर वेगळं येईल. कामाच्या ठिकाणच्या पार्किंगवर कर लावायचा प्रस्तावही त्यांनी आणला होता, तो २०२२ च्या शेवटी मागे घ्यावा लागला. २०२३ च्या मार्चमध्ये थेट महापौराचं पदच रद्द करा असा ठराव सभागृहात आला. तो फेटाळला गेला, पण त्या ठरावाच्या बाजूनं मजूर पक्षातलेही काही जण उभे राहिले. एवढी सत्ता एका माणसाकडे असावी का, हा प्रश्न तेव्हापासून उघडपणे विचारला जाऊ लागला.

महापौरपदाची निवडणूकही त्याच दिवशी झाली. सोल्सबी चौथ्यांदा निवडून आले, पण सुमारे ३५ हजार मतांवर. दुसऱ्या क्रमांकावरच्या मोढवाडियांना २६ हजारांच्या वर मतं पडली. एकूण मतांपैकी चाळीस टक्केसुद्धा सोल्सबींना मिळाली नाहीत. पूर्वी या पदासाठी दुसऱ्या पसंतीचं मत देता यायचं. २०२२ च्या नव्या कायद्यानं ती सोय काढली आणि सरळ ज्याला जास्त मतं तो जिंकला, असं झालं. आणि शहरातले दहातले चार मतदारही बाहेर पडले नव्हते, हेही ध्यानात ठेवा.

निकाल फक्त धर्मावर लागला असता तर कॅसल वॉर्डाचं काय? हा मध्यवस्तीचा, विद्यापीठाच्या आजूबाजूचा भाग. तिथे दंगल नव्हती, मंदिर-मशिदीचा वाद नव्हता. तिथल्या तिन्ही जागा ग्रीन पक्षानं घेतल्या. त्यात मजूर पक्षाचेच जुने नगरसेवक पॅट्रिक किटरिक होते, पक्ष सोडून ग्रीनमध्ये गेलेले. पूर्वेकडे लोक हुजूर पक्षाकडे वळले, मध्यावर ग्रीनकडे, दक्षिणेला लिबरल डेमोक्रॅटकडे. तीन वेगळ्या दिशांना माणसं निघून जातात तेव्हा मी आधी घराकडे बघतो, वाटांकडे नंतर.

आणि हे पहिल्यांदा घडलं असंही नाही. २००३ मध्ये इराक युद्धाच्या रागातून याच शहरानं मजूर पक्षाची सत्ता घालवली होती. लिबरल डेमोक्रॅट सगळ्यात मोठा पक्ष झाला. २००७ ला मजूर पक्ष ३८ जागांनिशी परत आला. उलट २०२३ नंतर पक्ष सावरला नाही. जुलै २०२४ च्या ब्रिटिश संसदेच्या निवडणुकीत मजूर पक्षानं देशात प्रचंड बहुमत मिळवलं, आणि तरी लेस्टर ईस्ट हुजूर पक्षाच्या शिवानी राजा यांनी जिंकली. त्या निवडणुकीत हुजूर पक्षानं मजूर पक्षाकडून हिसकावलेली ही देशातली एकमेव जागा. लेस्टर साउथमध्ये जोनाथन ॲशवर्थ यांच्यासारखा मोठा नेता अपक्ष शौकत ॲडम यांच्याकडून ९७९ मतांनी पडला. तिथे गाझाचा मुद्दा होता. एकाच शहरात हिंदू मतदार एका कारणानं आणि मुस्लिम मतदार दुसऱ्या कारणानं त्याच पक्षापासून दूर गेले. म्हणून "अमक्यांनी तमक्यांना हरवलं" हे गणित मला पटत नाही.

आता तुमच्या मावसबहिणीबद्दल. हो, तिला मत देता येईल, आणि ही गोष्ट आपल्या बहुतेक विद्यार्थ्यांना माहीतच नसते. ब्रिटनमध्ये कायदेशीर राहणारे राष्ट्रकुल देशांचे नागरिक मतदार होऊ शकतात, मग व्हिसा विद्यार्थ्याचा असो की नोकरीचा. भारतीय पासपोर्टवर नगरपालिकेलाच नव्हे, ब्रिटिश संसदेच्या निवडणुकीतही मत देता येतं. वय १८ हवं. नाव आपोआप लागत नाही. सरकारी संकेतस्थळावर अर्ज भरायचा, पाचेक मिनिटांचं काम आहे. नॅशनल इन्शुरन्स क्रमांक विचारतात; तो अजून मिळाला नसेल तर तसं लिहिता येतं. मतदानाच्या आधी कामाचे बारा दिवस उरलेले असतानाच मुदत संपते, म्हणून खोली मिळाली की लगेच भरायला सांगा. खोली बदलली की पुन्हा भरायचा.

२०२३ पासून मतदान केंद्रावर फोटो असलेलं ओळखपत्र दाखवावं लागतं, आणि भारतीय पासपोर्ट चालतो. विद्यापीठाचं कार्ड चालत नाही, ते घेऊन आलेली मुलं मी परत जाताना पाहिली आहेत. मतदान गुरुवारी असतं, सकाळी सात ते रात्री दहा. बोटाला शाई लावत नाहीत, यंत्रही नसतं. दोरीला बांधलेली पेन्सिल असते. तिच्या वॉर्डात तीन जागा असतील, तर तीनही फुल्या मारायची सक्ती नाही. एकच माणूस पटला तर एकच मारायची.