हवामानबदलासारखा विषय छायाचित्रांतून किंवा लघुपटातून मांडायचा असेल, तर कोणता कॅमेरा घ्यावा? ड्रोन आवश्यक आहे का?

कॅमेऱ्याचा प्रश्न एका ओळीत सुटतो: जो फोन हातात आहे, तोच वापरा. "ड्रोनशिवाय अशा विषयाचा प्रभाव पडत नाही असे ऐकले आहे," असे आपण पुढे लिहिले आहे, म्हणून हे उत्तर लिहीत आहे; कारण हेच वाक्य मी एका जिवलग मित्राच्या तोंडून कित्येक वर्षे ऐकत आलो आहे.

मी बेळगावातील वडगावचा. आमचे बासमतीचे शेत बळ्ळारी नाल्याला लागून आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये पुराने सगळ्या शिवाराचे तळे केले, तेव्हा लग्नाचे चित्रीकरण करणाऱ्या या मित्राने ड्रोन उडवला, त्यावर करुण संगीत चढवले आणि ती चित्रफीत दोन दिवस प्रत्येकाच्या फोनवर फिरली. तिसऱ्या दिवशी ती कोणाच्या लक्षातही राहिली नाही. पुढे आम्ही काही शेतकरी तीच चित्रफीत घेऊन एका कार्यालयात गेलो, तर तेथील अभियंत्यांनी शांतपणे विचारले, "हे कोठले आणि कोणत्या तारखेचे?" वरून पाहिले की सगळेच पाणी सारखे दिसते. आम्हाला उत्तर देता आले नाही.

त्यानंतर मी नाल्यावरील मोरीच्या खांबावर दर अर्ध्या फुटाला लाल ऑइलपेंटची रेघ मारली, समोरच्या बांधावरील एक दगड ठरवला आणि जून ते ऑक्टोबर दर रविवारी सकाळी त्याच दगडावर गुडघा टेकून एक छायाचित्र काढू लागलो. पावसात फोन दुधाच्या रिकाम्या पिशवीत गुंडाळावा लागे. मित्र हसून म्हणायचा, "खांबाचे फोटो कोण बघणार?" चार पावसाळ्यांची छायाचित्रे शेजारी शेजारी मांडली, तेव्हा मात्र त्यांत दोन गोष्टी स्पष्ट दिसल्या: जलपर्णी दरवर्षी खांबाच्या अधिक जवळ सरकत होती आणि पलीकडच्या काठावर भराव टाकून नाला अरुंद केला जात होता. त्यांच्याबरोबर मी एकच जवळचे छायाचित्र ठेवले. त्यात पाण्याखाली आठ दिवस राहिलेले भाताचे रोप होते, जे नुसते ओढताच मुळे चिखलात सोडून हातात आले होते. प्रत्येक छायाचित्राखाली तारीख, ठिकाण आणि पाण्याची उंची मराठीत आणि कन्नडमध्ये लिहिली. केवळ मराठीत लिहावे असा काहींचा आग्रह होता. पण ज्याने काम करायचे त्याला वाचता आले पाहिजे, एवढे साधे व्यवहारज्ञान आपल्या सीमाभागात तरी असावे. त्या वर्षी जलपर्णी काढली गेली. भराव अजून तसाच आहे.

ही पद्धत माझी नव्हे. अमेरिकन छायाचित्रकार जेम्स बॅलॉग यांनी २००७ मध्ये 'एक्स्ट्रीम आइस सर्व्हे' सुरू करून ग्रीनलंड, आइसलंड, अलास्का येथील हिमनद्यांसमोर कॅमेरे एकाच जागी रोवले, ते याच विचाराने. बर्फ मागे हटताना दिसला, तो कॅमेरा जागचा हलला नाही म्हणून. आपण खानापूरकडचे असाल, तर मलप्रभेवरील एखादा पूल निवडा आणि उन्हाळ्यातही छायाचित्रे काढा, कारण नदीचे आटणे पुराइतकेच बोलके असते.

लघुपटाविषयी थोडेच सांगतो: संगीत कमी ठेवा, शेतकऱ्याला त्याच्याच बोलीत बोलू द्या आणि रडणाऱ्या माणसाचे चित्रीकरण त्याला विचारल्याशिवाय करू नका. माझ्या मित्राच्या त्या चित्रफितीत आमच्या शेजारच्या काकू रडताना दिसल्या होत्या. त्या आजही त्याच्याशी बोलत नाहीत.

मित्रावर अन्याय नको म्हणून हेही नोंदवतो की पाणी किती दूरवर पसरले हे फक्त त्याच्या ड्रोनलाच दिसले होते; त्याने तारीख टाकली असती, तर आमचा निम्मा वाद झालाच नसता. शिवाय माझ्या छायाचित्रांनी हवामानबदल सिद्ध होत नाही. हवा एका अंश सेल्सिअसने तापली की ती सुमारे ७ टक्के अधिक बाष्प धरू शकते, त्यामुळे मोठा पाऊस आणखी मोठा होतो हे खरे. पण आमच्या शेतात पाणी आठ दिवस तुंबते, त्यात भरावाचा आणि जलपर्णीचाही हात आहे. दोन्ही कारणे वेगळी दाखवा आणि छायाचित्राशेजारी त्या आठवड्याच्या पावसाची नोंद ठेवा, नाहीतर पहिलाच जाणकार आपल्याला खोटे ठरवील. खांबावरच्या खुणा मात्र मे महिन्यातच रंगवून घ्या. पावसाळा सुरू झाला की खांब ओला राहतो आणि ऑइलपेंट धरत नाही.